‘आपल्याकडे असं काही नव्हतंच’ म्हणणाऱ्यांना

जुन्या लघुचित्रांचा, त्यातही माणसांच्या चेहऱ्यांच्या लघुचित्रांचा संग्रह करणाऱ्याबद्दल वऱ्हाडात एक मत इतकं पक्कं बसलेलं आहे की ते निव्वळ मत आहे, हेही कोणाच्या ध्यानात येत नाही. अमरावतीच्या लग्नघरात विषय काढा की अकोल्याच्या वकिलांच्या खोलीत, उत्तर तयार असतं : ‘कायले पाह्यजे बाप्पा हे? ना नात्याचा माणूस ना गोत्याचा. त्या फोटूचं का लोणचं घालतं?’ हसण्यावारी नेलेल्या या वाक्याच्या पोटात चांगले पाच-सहा आरोप दडलेले आहेत. वऱ्हाडात चित्रकला नव्हतीच, तेव्हा हा पुण्या-जयपूरच्या लोकांचा उद्योग. अनोळखी मेलेल्या माणसांचे चेहरे जमवून कोणाला काही मिळत नाही. हा पैसेवाल्यांचा शौक आहे आणि कर्जात बुडालेल्या जिल्ह्यात तो शोभत नाही. जुन्या वस्तू सांभाळणं सरकारचं काम आहे. खाजगी संग्राहक म्हणजे अर्धा चोर. आणि सगळ्यात शेवटी, सगळ्यात शहाणपणाचा म्हणून टाकलेला पत्ता : आता मोबाइलमध्ये फोटो काढता येतो, मूळ चित्र हवं कशाला? एवढे आरोप एकाच दमात करणाऱ्याला एक गोष्ट जाणवत नाही. जे चित्र वऱ्हाडात नव्हतंच, ते वऱ्हाडातून चोरीला कसं जाणार? पण आरोप एकमेकांना छेदतात म्हणून ते सोडून देता येत नाहीत. एकेकाचा समाचार घ्यायला हवा.

पहिला आरोप इतिहासाचा आहे आणि तोच सर्वांत पोकळ आहे. अबुल फझलचा ‘आईन-ए-अकबरी’ हा ग्रंथ सुभा वऱ्हाडची नोंद करतो. गाविलगड आणि नरनाळा सांगतो, एलिचपूर सांगतो, आणि बाळापूरजवळच्या दोन नद्यांच्या काठी नाना तऱ्हेचे सुंदर दगड सापडतात, लोक ते घडवून नवलाईची वस्तू म्हणून जपून ठेवतात, हेही सांगतो. म्हणजे निव्वळ पाहण्याच्या आनंदासाठी वस्तू जमवण्याची नोंद सोळाव्या शतकाच्या अखेरीस खुद्द अकोला जिल्ह्याच्या नावावर आहे. त्याच ग्रंथात अकबराने स्वतः चित्रकारांपुढे बसून आपली तसबीर काढून घेतली, आपल्या सरदारांच्याही तसबिरी काढवल्या आणि त्यांचा एक मोठा संग्रह करवला, असंही लिहिलेलं आहे. हे सरदार कुठे होते? त्यातले कितीतरी दख्खनच्या मोहिमेवर होते. १५९६ साली चांदबिबीने अहमदनगर वाचवण्यासाठी वऱ्हाड मोगलांना दिला, शाहजादा मुराद याने बाळापूरजवळ शाहपूर वसवलं, आणि अब्दुर्रहीम खानखानान दख्खनचा कारभार पाहू लागला. या खानखानानच्या पदरी स्वतःचे चित्रकार होते. त्यांनी सजवलेली रामायणाची पोथी आज वॉशिंग्टनमध्ये आहे. खुद्द त्याचीही तसबीर हाशिम नावाच्या चित्रकाराने काढली, तीही वॉशिंग्टनमध्येच आहे. ज्या माणसाच्या हुकमाखाली आपला प्रांत होता, त्याचा चेहरा एका वीतभर कागदावर शिल्लक आहे, आणि तरीही आपल्याकडे असं काही नव्हतंच, असं आपणच म्हणायचं?

एकच साल घेऊ : १६१६. त्या वर्षी खानखानानचा मुलगा शाहनवाझ खान बाळापूरच्या तळावरून मलिक अंबरवर चालून गेला आणि रोशनगावच्या लढाईत त्याने अंबरचा पराभव केला. याच सुमारास जहांगीरच्या दरबारात अबुल हसनने एक चित्र काढलं. पृथ्वीच्या गोलावर उभा असलेला बादशहा भाल्याच्या टोकावरच्या मलिक अंबरच्या मुंडक्यावर बाण सोडतो आहे. प्रत्यक्षात अंबर त्यानंतर दहा वर्षं जिवंत राहिला आणि मोगलांना छळत राहिला. जे बाळापूरच्या फौजेला जमलं नाही, ते बादशहाने कागदावर उरकून घेतलं. त्याच वर्षी इंग्लंडचा वकील सर टॉमस रो याने जहांगीरला एक छोटं इंग्रजी व्यक्तिचित्र दाखवलं. दरबारी चित्रकारांनी त्याच्या पाच नकला करून मूळ चित्रासह सहाही त्याच्यापुढे मांडल्या, तेव्हा दिव्याच्या उजेडात मूळ कोणतं हे ओळखताना रोची तारांबळ उडाली, ही कबुली त्यानेच लिहून ठेवली आहे. अजमेरला पोहोचण्यापूर्वी हा रो बऱ्हाणपुरावरून, शाहजादा परवेझला भेटून गेला होता. तेव्हा छोट्या तसबिरीची आवड इंग्रजांनी आपल्याला लावली, हा समजही इथेच निकालात निघतो. आवड आधीच होती, आणि इंग्रजांनी दाखवलेल्या नमुन्याशी बरोबरी करण्याइतकी ती पोचलेली होती. अबुल हसनचं ते चित्र आज कुठे आहे? डब्लिनमध्ये. खाणींच्या धंद्यात पैसा मिळवलेल्या आल्फ्रेड चेस्टर बीटी या माणसाने ते जमवलं आणि १९६८ साली वारताना आपला संग्रह आयर्लंडच्या जनतेसाठी ठेवला. बाळापूरच्या फौजेच्या लढाईची चित्ररूप बढाई पाहायला आयरिश शाळकरी पोरं जातात. अकोल्याच्या पोरांना त्या लढाईचं नावही कोणी सांगत नाही.

दुसरा आरोप असा की अनोळखी चेहरा निरुपयोगी असतो. हे म्हणणाऱ्यांच्या घरात शिवाजी महाराजांची तसबीर असणारच. तेव्हा तिच्यापासूनच सुरुवात करू. महाराजांचा म्हणून आज जो चेहरा आपण ओळखतो, त्याचा आधार कोणत्या राजवाड्यातलं भव्य तैलचित्र नाही. सतराव्या शतकात गोवळकोंड्याच्या चित्रकारांनी राजेरजवाड्यांच्या छोट्या तसबिरींचे संच काढले, ते युरोपीय व्यापाऱ्यांनी आणि प्रवाशांनी विकत घेतले. त्यातला एक संच आम्स्टरडॅमचा महापौर निकोलास विट्सन याच्याकडे गेला. निकोलाव मनुचीच्या संग्रहातली महाराजांची घोड्यावरची तसबीर पॅरिसला आहे. इकडे महाराष्ट्रात मात्र दुसऱ्याच एका सरदाराचं चित्र महाराजांचं म्हणून बिनदिक्कत फिरत होतं. १९३३ साली वा. सी. बेंद्रे यांनी अस्सल तसबीर शोधून पुढे आणली आणि ही चूक दुरुस्त झाली. जमवणाऱ्यांनी त्या वेळी ‘ना नात्याचा ना गोत्याचा’ म्हणून तो कागद टाकून दिला असता, तर बेंद्र्यांना काय सापडलं असतं? त्यांना ज्यांचा चेहरा सापडला, ते जमवणाऱ्या डच माणसाचे कोण लागत होते? आणि चेहऱ्याला काही किंमत नसते म्हणता, तर पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात असलेली ‘तारीफ-ए-हुसेनशाही’ ही पोथी उघडून पाहा. अहमदनगरच्या हुसेन निजामशहाची ही स्तुतिपर पोथी १५६५च्या सुमाराची. तिच्यातल्या चित्रांत शहाच्या शेजारी बसलेली राणी खुंजा हुमायून पुढे बहुतेक जागी पुसून टाकण्यात आली, कारण मुलगा मुर्तझा याने आईकडून सत्ता काढून घेऊन तिला कैदेत टाकलं होतं. याच मुर्तझाने १५७४ साली एलिचपूरची इमादशाही बुडवून वऱ्हाड घेतला. ज्याने राज्य जिंकलं, त्याच्या राजवटीत कैदेतल्या बाईचा दोन बोटांचा चेहराही नकोसा झाला होता. त्या लोकांना चेहऱ्याची किंमत कळत होती. न कळणारे आपण.

यावर कोणी म्हणेल, ही राजेमहाराजांची उदाहरणं झाली. गावच्या देशमुखाच्या, सावकाराच्या किंवा नबाबाच्या कारभाऱ्याच्या तसबिरीचं काय? उत्तर सरळ आहे : राजाचा चेहरा दहा ठिकाणी सापडतो, कारभाऱ्याचा एकाच ठिकाणी. तो एक कागद गेला की माणूसच गेला. कपाळावरचं गंध, पागोट्याची बांधणी, अंगरख्याचा बंद डावीकडे की उजवीकडे, कानातली भिकबाळी, हातातली जपमाळ की कलमदान, या गोष्टी बखरीत कोणी लिहीत नाही, कारण लिहिणाऱ्याला त्या रोजच्या असतात. त्या तसबिरीतच सापडतात. जात, पंथ, हुद्दा, सासरमाहेरची ऐपत, कोणत्या दरबाराच्या चालीरीतींकडे घराण्याचा ओढा होता, हे सगळं त्या तळहाताएवढ्या कागदावर असतं. अनोळखी चेहरा म्हणजे निरुपयोगी चेहरा, असं नाही. त्याची ओळख लावायचं काम कोणीतरी टाळलेलं असतं, एवढंच.

तिसरा आरोप नैतिक आहे, आणि तो मोठ्या आवाजात केला जातो. ज्या जिल्ह्यांत शेतकरी गळफास लावून घेतो, तिथे चित्रं जमवण्याचा शौक करायला लाज वाटत नाही का? प्रश्न गंभीर आहे, पण तो विचारणाऱ्यांकडे जरा पाहा. लग्नात डीजेवर आणि फटाक्यांवर पैसा उधळताना तो विचारला जात नाही. नव्या ले-आउटमधला तिसरा प्लॉट घेताना, निवडणुकीच्या वर्षी चौकाचौकांत फ्लेक्स लावताना तो विचारला जात नाही. तो फक्त पुस्तक, पोथी आणि चित्र यांनाच विचारला जातो. शेतकऱ्याचं दुःख असं निवडून वापरणं हीच खरी लाजेची गोष्ट आहे. दुसरं, हा शौक महागच असतो, हे कोणी ठरवलं? जागतिक लिलावात मोगल तसबिरीला लाखो रुपये पडतात हे खरं. पण वऱ्हाडातल्या जुन्या घरांत जे उरलेलं आहे ते लिलावाचं नाही. तिथे देव्हाऱ्यामागच्या तसबिरी आहेत, पेटीच्या तळाशी घातलेले कागद आहेत, आणि लघुचित्रांची जागा छायाचित्राने घेतल्यावर स्टुडिओत काढून वरून हाताने रंगवलेले फोटो आहेत. ते सांभाळायला पैसा लागत नाही; एक कोरडी पेटी, साधा आम्लरहित कागद आणि मागे शिसपेन्सिलीने लिहायची चार अक्षरं लागतात. अमेरिकेतल्या १८६१ ते १८६५च्या यादवीत वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या आणि पुढच्या पैशातून ज्यांनी सागवानी वाडे बांधले, त्यांचे नातू आज वाडा पाडताना तुळयांचा घनफुटावर भाव करतात आणि भिंतीवरचे आजोबा रद्दीत घालतात. इथे कमतरता पैशाची आहे, असं कोणी म्हणू नये.

चौथा आरोप आळशी माणसाचा : हे सरकारचं काम आहे. बरं, सरकारी आणि सार्वजनिक संग्रहालयांत जे आहे ते तिथे आलं कुठून? मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातल्या लघुचित्रांचा पाया पुरुषोत्तम मावजी आणि टाटा बंधू यांच्या खाजगी संग्रहांनी घातला. पुण्याचं राजा केळकर संग्रहालय एका माणसाच्या हट्टातून उभं राहिलं. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर केळकरांनी अडकित्ते आणि दिवे गोळा केले, तेव्हा त्यांनाही हेच विचारलं गेलं असेल की याचं काय लोणचं घालणार? हैदराबादचं सालारजंग संग्रहालय तर वऱ्हाडाला जवळचं वाटायला हवं. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला, त्याच वर्षी पहिला सालारजंग दिवाण झाला, आणि आपला प्रांत परत मिळवण्यासाठी तो जन्मभर धडपडला. वऱ्हाड त्याला परत मिळाला नाही. पण त्याच्या नातवाने जमवलेल्या वस्तूंचं संग्रहालय १९५१ साली लोकांसाठी उघडलं. आधी एक वेडा माणूस, मग संग्रह, मग संग्रहालय, हाच क्रम सगळीकडे दिसतो. आधी सरकार, मग संग्रह, असा क्रम दाखवा. जिथे जमवणारेच नाहीत, तिथे सरकारने काय रिकाम्या कपाटांना कुलपं लावायची?

पाचवा आरोप चोरीचा. खाजगी संग्राहकाकडे संशयाने पाहणं आपल्याला कायदेप्रेमाचं लक्षण वाटतं. मग कायदाच पाहू. १९७२चा पुरावस्तू आणि कलावस्तूंचा कायदा १९७६पासून अमलात आहे. शंभर वर्षांहून जुनी तसबीर त्याच्या कक्षेत येते. ती बाळगायला कायद्याची बंदी नाही. ती नोंदवायला कायदा सांगतो. तिचा व्यापार करायचा तर परवाना लागतो, आणि देशाबाहेर नेऊन विकायला मनाई आहे. हस्तिदंतावर काढलेल्या चित्राची खरेदी-विक्री वन्यजीव कायद्याने बंद आहे आणि ती बंदी योग्यच आहे. असा तुकडा घरात निघाला तर त्याचा सौदा करू नये. म्हणजे कायद्याने संग्राहकाला चोर ठरवलेलं नाही, रखवालदार ठरवलेलं आहे. उरला परदेशी गेलेल्या चित्रांचा प्रश्न. त्यातली काही लुटीची आहेत, हे कोणी नाकारत नाही. पण सगळीच लुटली गेली, हे सांगताना आपण स्वतःला फार सोयीस्करपणे निर्दोष ठरवतो. कितीतरी चित्रं आपल्याच माणसांनी विकली, कारण त्यांना ती ठेवावीशी वाटली नाहीत. आज परदेशाची वाट कायद्याने अडवलेली आहे. रद्दीवाल्याची वाट कोणी अडवलेली आहे? त्याच्याकडे जाणारी चित्रं कुठल्याही म्युझियमच्या काचेआड सापडणार नाहीत.

सहावा आरोप आधुनिक माणसाचा : फोटो काढून ठेवा, मूळ टाकून द्या. हे म्हणणाऱ्याने लघुचित्र कधी हातात घेतलेलं नसतं. एकावर एक चिकटवलेल्या कागदांची ती वसली, खारीच्या केसांच्या कुंचल्याने ओढलेली एकेक रेघ, मागून अकीक फिरवून आणलेली चकाकी, हे सगळं उजेड तिरपा पडला की दिसतं. पडद्यावर त्याचा सपाट रंग होतो. आणि चित्राची पाठ? मागचा शेरा, शिक्का, जुन्या मालकाचं नाव, कापलेली कड, हाशियाचा दुसऱ्या शतकातला कागद, या सगळ्यांवरून चित्र कुठून कुठे फिरलं हे समजतं. मोबाइलवाल्याने पाठीचा फोटो कधी काढलेला असतो? तसबिरीचा फोटो जरूर काढा; ती हरवली तर तो पुरावा होईल. पण पुराव्यासाठी मूळ वस्तू नष्ट करणं, हे कुठल्या न्यायालयात चालतं?

या सगळ्याला एक शेवटची पळवाट उरते : आमच्या मातीत जपणूक नाहीच हो. हे तर वऱ्हाडाबद्दलचं उघड खोटं आहे. कारंजा लाड, आज वाशीम जिल्ह्यात असलं तरी १९९८पर्यंत अकोला जिल्ह्यातलं गाव. तिथल्या जैन मंदिरांच्या भांडारांनी शतकानुशतकं पोथ्या सांभाळल्या. अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात शिकवणारे डॉ. हिरालाल जैन यांनी त्यातून अपभ्रंश ग्रंथ बाहेर काढले. पुष्पदंताचं ‘णायकुमारचरिउ’ त्यांनी संपादित करून १९३३ साली प्रसिद्ध केलं, आणि भारतीय भाषांच्या इतिहासातला एक मोठा दुवा हाती लागला. रिद्धपूरच्या महानुभावांनी सांकेतिक लिपीत का होईना, पण आद्य मराठी गद्य टिकवलं. या माणसांनी कोणत्या अनुदानाची वाट पाहिली होती? ‘या पोथीचं का लोणचं घालतं’ असं त्यांनी म्हटलं असतं, तर मराठीला ‘लीळाचरित्र’ मिळालं असतं का? पोथीच्या बाबतीत जे शहाणपण वऱ्हाडाने दाखवलं, ते चेहऱ्याच्या बाबतीत दाखवायला काय अडचण आहे? चेहऱ्याचं महत्त्व या प्रांताला शिकवावं लागावं, ही तर थट्टाच झाली. शेगावच्या गजानन महाराजांची तसबीर नाही असं घर इथे शोधावं लागेल. जो प्रांत एका चेहऱ्यापुढे रोज हात जोडतो, त्याने बाकीचे सगळे चेहरे रद्दीच्या भावाने काढावेत?

एवढी गोष्ट मात्र मान्य : जो संग्राहक चित्र कपाटात कोंडतो, ते कुठून आलं हे लपवतो, अभ्यासकाला दाखवत नाही आणि नोंदणी चुकवतो, त्याचं समर्थन मी करणार नाही. पण त्याचा दोष जमवण्यात नाही, न सांगण्यात आहे. आणि न सांगण्याचा दोष संग्राहकापेक्षा घरोघरच्या वारसांकडे जास्त आहे. भिंतीवरच्या पणजोबांचं नाव विचारलं तर त्यातल्या बहुतेकांना सांगता येत नाही. तेव्हा थट्टा कोणाची व्हायला हवी, हे आता उलटं ठरवू या. पदरचा वेळ घालून चेहरे ओळखणारा, त्यांची नावं आणि गावं लिहून ठेवणारा माणूस वऱ्हाडात वेडा ठरू नये. पणजोबा किलोवर विकणारा ठरावा. घरात जुनी तसबीर असेल तर आज ती उतरवा, घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला ती दाखवा, तो सांगेल ते नाव, गाव आणि नातं वेगळ्या कागदावर लिहून सोबत ठेवा. शंभर वर्षांहून जुनं चित्र असेल तर कायद्याप्रमाणे नोंदवा. ठेवायची नसेल तर रद्दीत घालू नका. सांभाळणाऱ्या माणसाच्या किंवा संस्थेच्या हाती द्या. हे एवढंही करायचं नसेल, तर निदान ‘आपल्याकडे असं काही नव्हतंच’ हे वाक्य तोंडातून काढू नका. होतं. ते आपण विकलं, पुसलं आणि फेकलं. आणि जे उरलं आहे, ते ज्यांच्यामुळे उरलं त्यांना हसायचा आपल्याला अधिकार नाही.